विहीणबाईंची चार दुपटी

यंत्र आमच्या घरात आलं ते घड्याळाच्या ऐवजी. ठाण्याच्या कचेरीतले एक साहेब विलायतेला परत चालले होते, त्यांच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव होता, आणि आमचे हे, त्याच कचेरीत कारकून, भिंतीवरचं घड्याळ घ्यायला म्हणून गेले होते. संध्याकाळी कल्याणला घरी आले ते हमालाच्या डोक्यावर लाकडी पेटी देऊन. पेटी उघडली तर आत काळंभोर, सोनेरी वेलबुट्टीचं आणि एका बाजूला मूठ असलेलं भलतंच काहीतरी. सासूबाई म्हणाल्या, "अरे, घड्याळ कुठंय?" तर हे म्हणतात, "घड्याळाची बोली फार चढली. याच्यावर कुणी तोंडच उघडेना. मला वाटलं, साहेबाला वाईट वाटेल, आपण तरी बोलावं."

असा आमचा संसार.

ही प्लेग यायच्या आधी पाच-सात वर्षांची गोष्ट. मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन. घरात माझे सासरे म्हणजे मामंजी, सासूबाई, हे आणि मी. मामंजी दिवसभर ओटीवर पंचांग घेऊन बसत आणि कुणी काही विचारलं तरच बोलत. सासूबाईंचं सोवळं इतकं कडक, की त्या सोवळ्यात असल्या की घरचं मांजरसुद्धा परसातून वळसा घालून जाई. हे स्वभावाने गरीब. आणि मी तापट. त्यात लपवायचं काय? साठी उलटली तरी अजून आहे तशीच आहे. सुनेला तोंडाने बोलायची सोय नव्हती, म्हणून मी भांडी आपटायची. हे शिवणाचं यंत्र आलं आणि राग आला की गरागरा मूठ फिरवायची सोय झाली. सासूबाई त्या यंत्राला माझी सवत म्हणायच्या. म्हणोत बापड्या! पहिल्या महिन्यात मी दोन सुया मोडल्या आणि एकदा स्वतःचं बोट शिवलं, पण तीन महिन्यांत कोऱ्या मांजरपाटावर माझी शिवण अशी सरळ जायला लागली की आळीतल्या बायका मुद्दाम येऊन बोटाने चाचपून बघायच्या.

त्याच सुमारास माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. चारचौघांत तिला वन्सं म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, दोघीच असलो की अगं-तुगं. तिचं सासर ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ. मुलगी झाली, छान गुटगुटीत. बारशाला वन्संच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, ठाण्याहून आल्या. पाळण्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "नाक बरं आहे."

झालं. एवढंच. नऊ महिने पोटात वाढवलं, दीड दिवस वेणा दिल्या, आणि काय, तर नाक बरं आहे! वन्सं भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला काही राहवलं नाही. मी म्हटलं, "विहीणबाई, पाठवणीच्या वेळी बघाच तुम्ही. यंत्रावर शिवलेली दुपटी देणार आहे मी बाळाला. ठाण्यात कुणाकडे नसतील." सासूबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की माझा पुढचा शब्द तोंडातच राहिला. पण विहीणबाईंनी आधीचं सगळं ऐकलं होतं.

बाळ तीन महिन्यांचं व्हायला आलं आणि विहीणबाईंचं पत्र आलं. यांनी ते माजघरात मोठ्याने वाचून दाखवलं. पुढल्या महिन्याच्या वद्य एकादशीला आम्ही सूनबाईंना न्यायला येतो, द्वादशीला पारणं करून निघू. दुपटी चार हवीत, चारही यंत्रावरची, टाका सरळ. चुणी-सुरकुती असलेलं आमच्याकडे चालत नाही. सोवळ्या-ओवळ्याचं आपण जाणताच. दुपटी तयार नसतील तर घाई करू नये, सूनबाईंना सवडीने नेऊ.

हे "सवडीने" वाचल्यावर सासूबाई मटकन खाली बसल्या. कारण आमच्याच आळीत अशा सवडीने न्यायच्या राहिलेल्या दोघीजणी होत्या. एकीला सहा वर्षं झाली होती. माहेरी भाकऱ्या थापत होती आणि हळदीकुंकवाला कोपऱ्यात बसत होती. पहिली मुलगी, त्यात दुपटी नाहीत, एवढं निमित्त त्या घराला पुरेसं होतं. मामंजी पंचांगातून डोकं वर न काढता म्हणाले, "सूनबाई बोलल्या आहेत, सूनबाई निस्तरतील."

"निस्तरीन!" मी म्हटलं. मनात. मोठ्याने नुसतं पातेलं आपटलं.

आता यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण बाळाच्या अंगाला कोरं कापड लावायचं नाही अशी रीत. दुपटं व्हायचं ते जुन्या, वापरून मऊ झालेल्या लुगड्याचं. सासूबाईंनी ट्रंकेतून आपलं हिरवं लुगडं काढून दिलं, इतकं मऊ की हातातून निसटत होतं. दोन पदर घेतले, मध्ये पिंजलेला कापूस पसरला, यंत्राखाली घातलं आणि मूठ फिरवली. वीतभर गेलं आणि सगळं एका जागी गोळा! खालचे दाते खालचा पदर पुढे ओढायचे, वरचा मागे रेंगाळायचा, आणि मधला कापूस बिचारा कुठे जाऊ म्हणून चुणीत शिरायचा. मी उसवलं, पुन्हा घातलं. पुन्हा तेच. हाताने धावदोरा घालताना आपली बोटं कापडाला सांभाळून घेतात. यंत्राला कुठली आलीत बोटं? मऊ कापडाला यंत्राखाली ताठ ठेवायचं तर आधी त्याच्या अंगात काहीतरी भरायला हवं, किंवा खाली काहीतरी धरायला हवं, हे मला दोन दिवस रडून आणि एकदा यंत्राला लाथ मारून कळलं.

सगळ्यात आधी भाताची पेज. परीट करतोच की! मी दुपारी पेज काढली, ताकाइतकी पातळ केली, गाळली, त्यात लुगड्याचे तुकडे बुडवले, सावलीत वाळवले आणि तांब्यात निखारे घालून त्यावरून फिरवला. कापड पापडासारखं झालं. यंत्राखाली घातलं तर काय सांगू, सुई अशी सुळकन गेली, चौकटीमागून चौकट, एक चुणी नाही! मी आनंदाने ओरडले, "सासूबाई, जमलं!"

सासूबाई आल्या, हात लावणार तेवढ्यात थबकल्या. "हे कडक कशाने झालं?"

"पेजेने."

"कशाच्या पेजेने?"

"भाताच्या. आणखी कशाच्या असणार?"

त्यांनी हात असा मागे घेतला की जणू विंचू दिसला. "अगं बया! शिजल्या भाताचं? म्हणजे खरकटं! लेकराला खरकट्यावर निजवणार तू? आणि विहीणबाई ते सोवळ्यात उचलणार?" मग त्यांच्या ध्यानात आलं की हे खरकटं कापड यंत्राखालून गेलंय, म्हणजे यंत्रही खरकटं. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी यंत्रावर गोमूत्र शिंपडलं. दोन दिवसांत सुईच्या दांडीला गंज चढला. यांनी खोबरेल तेल घातलं, तर यंत्र मूठ फिरवली की कण्हायला लागलं. आणि मी ते दुपटं परसातल्या दोरीवर टाकलं ते शेजारच्या गाईने अर्धं खाल्लं. गाईला खरकट्याचं काही वाटलं नाही.

वन्सं बाळाला मांडीवर घेऊन दारात बसली होती. ती हसता हसता आडवी झाली. मी म्हटलं, "हस! तुझ्यासाठीच मरते आहे मी!" तर ती आणखीच हसली. त्या दिवसांत ती फार हसायची.

मग यांनी डोकं चालवलं. मडमेच्या घरी शिंपी कापडाखाली कागद धरून शिवतो आणि मग कागद फाडून टाकतो, असं यांनी लिलावाच्या दिवशी शिपायाकडून ऐकलं होतं. कोरा कागद महाग, म्हणून कचेरीतली रद्दी आणली, सगळी मोडी लिहिलेली. खाली कागद, वर कापड. शिवण सरळ गेली! टाक्यांच्या कडेचा कागद मी फाडून काढला, पण चौकटींच्या मधला काढायचा कंटाळा केला. खरं सांगायचं तर तो करकर वाजायचा आणि बाळाला ते आवडायचं. म्हटलं, राहू दे तेवढं. वरची नवी बाजू खराब नको म्हणून बाळाला कागदाच्या बाजूवर निजवलं. बाळाने आपलं काम केलं. कचेरीतली शाई काजळाची, पाण्याला कुठली टिकते! दुपट्यावरून बाळाला उचललं तर पाठभर काळी उलटी अक्षरं.

हे कचेरीतून आले, बाळाला पालथं धरलं, आरसा मागितला आणि तोंड गंभीर करून वाचलं, "सदरहू जमीन पडीक असून सारा तहकूब."

मी हसू की रडू करत असताना सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अक्षरांवर पोर मुतलं गं! सरस्वतीवर!" आणि त्यांनी बाळाच्या वतीने भिंतीला डोकं टेकवलं. त्या रात्री यांना जेवण झाल्यावर सुपारी मिळाली नाही. कागद बंद.

दिवस जात होते. एकादशीला पंधरा दिवस राहिले होते आणि माझ्याकडे एक दुपटं नव्हतं. सासूबाईंचा जप वाढला होता. मामंजी बोलायचे नाहीत, पण पंचांगाचं ते एकच पान उघडं ठेवायचे. आळीतली ती सहा वर्षं राहिलेली माहेरवाशीण एक दिवस भाजी निवडायला येऊन बसली आणि वन्संना म्हणाली, "सवय होते हो."

आमच्याकडे खाडीकाठच्या आगरातून मीठ घेऊन एक बाई यायची. डोक्यावर पाटी आणि आवाज असा की टोकाच्या घरापर्यंत ऐकू जावा. मी दारात डोळे पुसत मीठ घेत होते. ती म्हणाली, "कनाला रडतेस गो वयनी?" मी सगळं सांगितलं. ती खो खो हसली. "पेजेचा इटाल होतो तुमचे घरान, मंग चिचोके घे की! चिचोक्याची खल घाल, कापर कसा उबा रवतो बग!"

चिंचोके! मी सासूबाईंकडे धावले. सासूबाईंनी विचार केला. चिंचोके कुणी ताटात वाढतं का? नाही. मग ते अन्न नाही. अन्न नाही तर खरकटंही नाही. परवानगी मिळाली. दोन दिवस चिंचोके भाजले, सालं काढली, कुटले, शिजवले. घरभर लाकडाच्या वखारीसारखा वास. खळ झाली ती मात्र अस्सल. कापड वाळलं, शिवलं, आणि शिवून झालेलं दुपटं मी भिंतीला टेकवलं तर ते पाहुण्यासारखं उभं राहिलं. तीन पाण्यांत धुतलं, तरी उभंच. बाळाला त्यावर ठेवलं तर त्याने असा टाहो फोडला की पलीकडच्या गल्लीतून विचारणा आली. पाठ लालेलाल. हे म्हणाले, "याला दोन कड्या लावल्या तर खिडकीचं दार होईल." मी यांच्याशी एक दिवस बोलले नाही.

आता आठ दिवस. मी देवघरासमोर बसकण मारली आणि सासूबाईंना म्हटलं, "तुम्हीच सांगा. शिजवलेलं असून खरकटं नाही, असं जगात काही आहे का?"

मी तडकून विचारलं होतं. पण सासूबाई विचारात पडल्या. पडता पडता त्यांचा हात जपमाळेवर थांबला. "तवकीर," त्या म्हणाल्या.

तवकीर म्हणजे कोकणातून येणारं कंदाचं पांढरंशुभ्र पीठ, उपासाला त्याची लापशी करतात. एकादशीला चालते, म्हणजे ते अन्न नव्हे, फराळ. फराळाचं खरकटं धरायचं की नाही यावर त्यांनी मामंजींना विचारलं. मामंजींनी बराच वेळ पंचांग चाळलं. पंचांगात तवकिरीच्या खळीबद्दल काय लिहिलेलं असणार? पण शेवटी त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "धरू नये." पोरीला सासरी पोचवायची घाई त्यांनाही होतीच.

सासूबाईंची वर्षभराच्या उपासांची तवकीर बरणीत होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा दागिना देताना करतात तसं तोंड केलं. मी एक चमचा पीठ तांब्याभर पाण्यात कालवलं, मंद आचेवर ढवळलं, दुधासारखं होतं ते काचेसारखं झालं की उतरवलं. कापड बुडवलं, पिळलं नाही, सावलीत ताणून वाळवलं. आणि देवा! ताठ, पण बोचरं नाही. सुई सरळ, चौकटी सरळ, आणि नंतर एका पाण्यात धुतलं की कापड पुन्हा लोण्यासारखं मऊ. मी त्या क्षणी सासूबाईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "अगं, उष्ट्या हाताने नको." पण हसल्या.

पाच दिवसांत तीन दुपटी झाली. धुऊन मऊ करायची ती ठाण्याला गेल्यावर, असं सासूबाईंनी ठरवलं, कारण खळीतली दुपटी कोरी करकरीत दिसत होती आणि विहीणबाईंना दाखवायची होती. चौथ्याला बरणीत हात घातला, तर बरणीच्या तळाला नख लागलं. मधल्या चतुर्थीला मामंजींनी दोन वाट्या लापशी खाल्ली होती! बाजारात चौकशी केली. कोकणातला माल अजून आला नव्हता.

दशमीची दुपार. सासूबाई आडव्या झाल्या होत्या. विहीणबाई उद्या सकाळी दारात. चार म्हणजे चार, तीन चालणार नव्हती. मी स्वयंपाकघरात गेले, सकाळच्या आंबेमोहोराच्या भाताची पेज बाजूला काढलेली होती, ती उचलली. वन्सं मागे उभी. म्हणाली, "वहिनी, राहू दे ना. तीन तर झालीत."

"गप्प बस! तीनवर ती बाई तुला इथेच ठेवून जाईल!"

ती बाळाकडे निघून गेली. मी पेज पातळ केली, कापड बुडवलं, परसातल्या कडक उन्हात वाळवलं, दिवेलागणीच्या आत शिवून बाकीच्या तिन्हींवर घडी करून ठेवलं. डोळ्याला काडीचा फरक दिसत नव्हता.

एकादशीला विहीणबाई आल्या. पाय धुतले, पाटावर बसल्या. आळीतल्या पाच-सहा बायका काही ना काही निमित्ताने माजघरात जमल्या होत्याच. बाळाला मांडीवर घेतलं, "नाक बरं आहे" हे पुन्हा एकदा सांगून झालं, आणि म्हणाल्या, "बघू दुपटी."

मी चारही पुढे ठेवली. त्यांनी एकेक उजेडाकडे धरून पाहिलं. टाके बोटाने मोजले. चुणी शोधली. मिळाली नाही. मग नखाने कापड खरवडलं. "खळ आहे. कशाची?"

सासूबाईंची छाती फुगली. "तवकिरीची! भाताचा कण लागू दिला नाही हो. आमच्याकडेही सोवळं आहे म्हटलं."

"तवकीर? बाजारातल्या तवकिरीत हल्ली काय काय मिसळतात."

"कोकणातली आहे. घरची."

"बघते ना. उपासाच्या जिन्नसांत माझी जीभ फसायची नाही." आणि त्यांनी सगळ्यात वरचं दुपटं उचललं, त्याचं टोक तोंडात घेतलं आणि चोखलं.

सगळ्यात वरचं म्हणजे चौथं.

तवकिरीला चव नसते. भाताच्या पेजेला असते, गोडसर, आणि आंबेमोहोराचा तर वास लपत नाही. चाळीस वर्षं रांधलेल्या बाईला ती न कळायला काय झालं? त्यांचं तोंड हलायचं थांबलं. डोळे वर आले ते थेट माझ्याकडे. मी खाली बघायला हवं होतं. नाही बघितलं. आता संपलं सगळं, तर निदान खाली मान घालून तरी नाही, असं वाटलं. वन्संनी माझा पदर घट्ट धरला होता.

आणि मग मला दिसलं की त्या बाईच्या चेहऱ्याचा रंग उतरतो आहे. राग नव्हता तो. आज एकादशी! विहीणबाईंची एकादशी, आळीत काय, सगळ्या ठाण्यात गाजलेली. आणि भात त्यांच्या जिभेवर होता. भात म्हणावं तर एकादशीला भात खाल्ला, तोही व्याह्यांच्या घरी, दुपट्यातून चोखून, सहा बायकांच्या देखत! त्यांनी गिळलं. गिळल्याचा आवाज मला ऐकू आला.

"काय, तवकीरच ना?" सासूबाईंनी विचारलं.

"तवकीरच," विहीणबाई म्हणाल्या. "चांगल्यापैकी आहे."

मग त्या चूळ भरायला उठल्या. एक नाही, दहा-बारा चुळा भरल्या. सासूबाई हळहळल्या, "गाडीने तोंड कडू झालं असेल हो." मी तोंडात पदर कोंबून कोठीत पळाले आणि तांदळाच्या कणगीला मिठी मारून हसले. थोड्या वेळाने पाठीमागे बांगड्या वाजल्या. विहीणबाई दारात उभ्या.

"आंबेमोहोर का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"वाटलंच." थोडा वेळ मला न्याहाळून म्हणाल्या, "टाका मात्र सरळ आहे तुझा." आणि गेल्या. दिवसभर त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. प्रायश्चित्त असावं. सासूबाईंना मात्र वाटलं की केवढी ही निष्ठा!

द्वादशीला पारणं झालं आणि दारात बैलांची दमणी लागली. सासूबाई आनंदाने रडत होत्या, मामंजी चक्क ओटीवरून उतरून अंगणात आले होते, हे सामान चढवत होते. आळीतल्या बायका म्हणत होत्या की यंत्राने पोरीचं नशीब उघडलं. मी तर हवेत होते. लढाई जिंकली होती मी, कुणाला सांगता येत नव्हती एवढंच. वन्सं सगळ्यांच्या पाया पडली, मला पडायला वाकली, मी तिला उठवून जवळ घेतलं. ती माझ्या कानाशी म्हणाली, "वहिनी, दुपटी फसली असती तर किती बरं झालं असतं गं."

मला वाटलं, रडण्याच्या भरात काहीतरी बोलते आहे. "वेड लागलं का तुला?"

"वर्षभर राहिले असते इथे. नाहीतर निदान पावसाळा संपेपर्यंत तरी."

"मग बोलली का नाहीस आधी?" माझा आवाज चढला. "तोंड शिवलं होतं का कुणी तुझं?"

"विचारलं कुणी?" ती म्हणाली. तिला राग आलेला नव्हता. तिने डोळे पुसले, बाळाला घेतलं आणि गाडीत चढली. आतून विहीणबाईंनी पडदा ओढला.

मी दारात उभी राहिले. कोणती खळ घालू म्हणून मी मीठवालीला विचारलं होतं, यांना विचारलं होतं, सासूबाईंना विचारलं होतं, त्यांच्याकरवी मामंजींनाही विचारलं होतं. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिला, तुला जायचं आहे का, हे विचारायचं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. इतरांचं सोडा, माझ्या मनात आलं नव्हतं. मला स्वतःचा इतका राग आला की आपटायला काही हाताशी नव्हतं म्हणून मी दाराची कडी आपटली.

तिला पुन्हा माहेरपणाला पाठवलं ते तिसऱ्या वर्षी.